गोळीचा झटका आधी सांगा

रंगरूटाच्या हातात पहिल्यांदा रायफल देताना उस्ताद त्याला दोन गोष्टी सांगतो. ही रायफल समोर काय करते, ही पहिली. ती तुझ्या खांद्याला काय करेल, ही दुसरी. बट खांद्यात घट्ट दाबून धर, झटका बसेल, कानात आवाज घुमेल, दचकू नकोस. हे सगळं पहिली गोळी सुटायच्या आधी सांगितलं जातं. म्हणून झटका बसला की पोराला कळतं, रायफल ठीक आहे, हे असंच असतं.

टीबीच्या गोळ्यांबाबत आपण पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी गाळतो. 'सहा महिने न चुकता घे, बरा होशील' एवढं प्रत्येक जण सांगतो. या गोळ्या शरीरात आणखी काय काय करतील, त्यातलं काय चालवून घ्यायचं आणि कशासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे नीट बसवून सांगणारा क्वचित भेटतो. माझं म्हणणं असं की हे सांगणं उपचाराचाच भाग आहे, आणि फौजेत ती जबाबदारी एकट्या डॉक्टरची नाही.

मी डॉक्टर नाही. माणसं सांभाळणं हे माझं काम. आजवरच्या पोस्टिंगमध्ये टीबीच्या उपचारावर असलेला एखाद-दुसरा जवान पलटणीत भेटतच आला आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि आपली फौज याच देशाच्या गावागावांतून येते. बरॅकमध्ये खाटेला खाट लागलेली, बंकरमध्ये तर त्याहून दाटी. हा रोग आपल्या दारात येणार नाही असं मानायला काही आधार नाही.

आधी गोळ्यांविषयी. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीवर चार औषधं दिली जातात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सरकारी कार्यक्रमात ही औषधं एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते रुग्णाच्या वजनावर ठरतं. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस डोस असायचा. २०१७ पासून देशभर रोजचा डोस सुरू झाला.

एकाच रोगाला इतकी औषधं का, हे जवान हमखास विचारतो, आणि प्रश्न बरोबर आहे. फुफ्फुसात जंतू कोट्यवधींनी असतात. त्यातल्या थोड्यांवर एखादं औषध मुळातच चालत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, नेमके ते थोडे उरतात आणि तेच वाढतात. औषधं एकत्र दिली की एकातून निसटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. सहा महिने का, याचं उत्तरही असंच आहे. काही जंतू सुस्त पडून राहतात आणि सावकाश मरतात. दोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, वजन वाढतं, माणसाला वाटतं झालं. आत मात्र काही जण दबा धरून बसलेले असतात.

हे कळलं की गोळी सोडायची नाही हे पटतं. तरीही लोक सोडतात. आळस हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे गोळीने काहीतरी केलं आणि ते काय आहे हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं.

सगळ्यात पहिला झटका लाल लघवीचा. रिफॅम्पिसिन हे औषधच विटकरी रंगाचं आहे. ते घेतलं की काही तासांत लघवी नारिंगी-लाल होते. घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणी यांनाही तो रंग येऊ शकतो. बनियनवर डाग पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती रंगते. यात काडीचा धोका नाही. पण ज्याला ठाऊक नाही त्याला ते रक्तच वाटतं. सिक लीव्हवर घरी आलेला जवान सकाळी हे पाहतो आणि घरात सांगतो. घरचे म्हणतात, गोळ्या गरम पडल्या. मग सब्जा, ताक, दूध सुरू होतं. 'चार दिवस गोळ्या बंद ठेव, उष्णता उतरू दे' असा सल्ला शेजारून येतो. गोळी बंद केली की रंग खरंच जातो, म्हणजे सल्ला बरोबर निघाला असं सगळ्यांना वाटतं. इथे पहिली तूट पडते. 'उद्यापासून लघवी लाल होईल, ती व्हायलाच हवी, औषध पोटात गेल्याची ती खूण आहे' एवढं वाक्य आधी कुणी बोललं असतं तर ही तूट पडलीच नसती.

गंमत अशी की ज्याला घाबरायचं नाही त्याला माणूस घाबरतो आणि जे सांगायलाच हवं ते गिळून बसतो. कारण जे खरं धोक्याचं आहे ते लाल रंगात येत नाही. ते हळू येतं, तळपायाला मुंग्या येतात, अन्नाचा वास नकोसा होतो, रंग थोडे मळके दिसू लागतात. फौजी माणूस असल्या गोष्टीला आजार म्हणत नाही. 'थोडा थकलोय' म्हणतो आणि पुढे चालतो.

म्हणून मी आमच्या लोकांना हे शेपच्या अक्षरांवर बसवून सांगतो. मेडिकल बोर्डाची ही पाच अक्षरं आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत, आणि टीबीच्या औषधांचे परिणाम योगायोगाने या पाचही खान्यांत येतात.

एस, म्हणजे मन. आयसोनियाझिडने क्वचित झोप बिघडते, चिडचिड वाढते, फारच क्वचित माणूस भ्रमिष्टासारखा वागतो किंवा त्याला झटके येतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं सायक्लोसेरिन तर मनावर परिणाम करण्याबद्दल प्रसिद्धच आहे, त्यातून खोल निराशा येऊ शकते. असा जवान दिसला की 'घरचं टेन्शन असेल' म्हणून सोडून देऊ नये. तो कोणत्या गोळ्या घेतो ते आधी विचारावं.

एच, म्हणजे कान. हे अक्षर आता बरंचसं वाचलं आहे. पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन आणि पुढे कानामायसिनसारखी इंजेक्शनं असायची, त्यांनी कान जायचे, तोल जायचा. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशाच उपचारात गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी मिळून बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली आणि २०२३ च्या मार्चमध्ये ती वाढ नाकारली गेली. ज्या मुलीला औषधाने बहिरं केलं तिने औषध नाकारलं नाही. चांगलं औषध सगळ्यांना परवडावं यासाठी ती लढली. दुष्परिणामांविषयी बोलणं म्हणजे औषधाविरुद्ध बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

ए, म्हणजे हातपाय. आयसोनियाझिड शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे तळपायांना मुंग्या येतात, जळजळ होते, पुढे बधिरपणा येतो. मधुमेही, दारू घेणारे, कुपोषित आणि गरोदर स्त्रिया यांना धोका जास्त. उपाय अगदी स्वस्त आहे, पायरिडॉक्सिनची म्हणजे ब-६ ची छोटी गोळी. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटरने या विषयावर आपल्याच देशातल्या रुग्णांवर मोलाचं काम केलं आहे. पायराझिनामाइडने रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं आणि सांधे दुखतात, खांदे, गुडघे, बोटं. बहुतेकांचं हे दुखणं साध्या वेदनाशामक गोळीवर भागतं आणि औषध थांबवावं लागत नाही. पण पायदळातल्या माणसाचे पाय बधिर झाले तर ती साधी गोष्ट नाही. उंचावरच्या पोस्टवर ज्याच्या पायाला गार-गरम कळत नाही त्याला हिमदंश झालेलाही कळणार नाही.

पी, म्हणजे एकंदर शरीर. यात सगळ्यात महत्त्वाचं यकृत. चारपैकी तीन औषधं, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृताला त्रास देऊ शकतात. सुरुवातीला होणारी थोडी मळमळ बहुतेकांना होते आणि थोडं खाऊन गोळी घेतली की कमी होते. पण भूक पूर्ण मेली, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, अंगातलं बळ गेलं, तर ते यकृताचं ओरडणं आहे. इथे एक फसवी गोष्ट आहे. कावीळ झाल्याची आपली घरगुती खूण म्हणजे गडद लघवी. रिफॅम्पिसिन घेणाऱ्याची लघवी मुळातच रंगीत असते, त्यामुळे ती खूण झाकली जाते. म्हणून या रुग्णाने आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहायचा. तो पिवळा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढचा डोस नाही. गावाकडे अशा वेळी काविळीची माळ घालणाऱ्याकडे नेतात आणि गोळ्या तशाच चालू राहतात. यात माणूस दगावू शकतो. डॉक्टर रक्त तपासतात, गरज पडली तर सगळी औषधं थांबवतात आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. औषध थांबवणं आणि सोडणं यांत हा फरक आहे. थांबवतो तो डॉक्टर, आणि तो पुन्हा सुरू करण्यासाठी थांबवतो. अंगावर पुरळ आलं आणि सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील, कुठूनही रक्त येऊ लागलं, अंगावर काळे-निळे डाग पडले, तरीही हाच नियम.

ई, म्हणजे डोळे. इथॅम्ब्युटॉलने क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येते. नजर धूसर होते आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर शक्यता वाढते. वेळेत ओळखून औषध थांबवलं तर नजर बहुतेकदा परत येते. उशीर झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

या शेवटच्या अक्षराचा एक प्रसंग सांगतो. राजस्थानातल्या एका पोस्टिंगमध्ये आमच्याकडे बिहारचा एक हवालदार होता, ड्रायव्हर ट्रेडचा. टीबीचे पहिले महिने दवाखान्यात काढून, सिक लीव्ह संपवून तो हलक्या ड्यूटीवर पलटणीत आला होता. गोळ्या एकही चुकवत नव्हता. संध्याकाळी बरॅकमध्ये पोरं लुडो खेळत होती. त्याने लागोपाठ दोनदा आपली लाल सोंगटी सोडून दुसऱ्याची हिरवी चालवली. पोरं हसली. त्याचा बडी हसला नाही. त्याने बाजूला नेऊन विचारलं तेव्हा हवालदार म्हणाला, 'पंधरा दिन से सब मटमैला दिखता है।' बडीने सुभेदार साहेबांना सांगितलं, साहेबांनी मला, आणि दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसला होता. इथॅम्ब्युटॉल थांबवलं, उपचाराची मांडणी बदलली, काही महिन्यांत रंग परत आले.

मी त्याला विचारलं होतं, पंधरा दिवस गप्प का राहिलास. त्याचं उत्तर मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे. 'साहब, ड्रायवर को रंग नहीं दिखता, ये बोलूँगा तो गाड़ी गई।' ज्या दवाखान्यातून तो आला होता तिथे त्याला गोळ्या मोजून दिल्या होत्या, पण डोळ्यांविषयी कुणी बोललं नव्हतं. आपल्याला दिसतंय ते औषधाने होतं, वेळेत सांगितलं तर बरं होतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं डोळे गेले, आता लपवता येईल तितकं लपवायचं.

सैनिक गप्प का बसतो हे समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी लागते. टीबी झाला की कॅटेगरी तात्पुरती खाली जाते. बढतीच्या नियमांत मेडिकल कॅटेगरीला वजन आहे, कोर्सना आहे, ट्रेडला आहे. उपचार संपल्यावर पुन्हा बोर्ड होतं आणि बहुतेक जण परत शेप वन होतात. त्या बोर्डाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला प्रत्येक नवं लक्षण म्हणजे नवा अडथळा वाटतो. त्यात घरी बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, टीबी शब्द सोयऱ्यांच्या कानावर जायला नको असतो. आणि वर्षानुवर्षं आपण त्याला हेच शिकवलेलं असतं की दुखलं तरी चालत राहायचं. तो आपली शिकवण पाळतो आणि तीच त्याच्यावर उलटते.

यावर मला ऐकावा लागणारा आक्षेप ठरलेला आहे. सगळं सांगितलं तर पोरं घाबरतील, गोळ्याच घेणार नाहीत. 'साहेब, कशाला डोक्यात भरवायचं?' आक्षेप अगदीच पोकळ नाही. यादी वाचून दाखवली की निम्म्यांना संध्याकाळपर्यंत मुंग्या येतात, हे मीही पाहिलं आहे. पण यावर उपाय गप्प बसणं हा नाही, नीट सांगणं हा आहे. आपण उंचीच्या बाबतीत काय करतो? नऊ हजार फुटांच्या वर जाणाऱ्या प्रत्येकाला अक्लमटायझेशन सक्तीचं आहे. पहिला टप्पा सहा दिवसांचा, पुढचे दोन चार-चार दिवसांचे. त्या दिवसांत डोकं दुखेल, झोप लागणार नाही, हे चालेल. बसल्या जागी दम लागला, खोकल्यात फेस आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवायचं, हे प्रत्येकाच्या डोक्यात घातलं जातं. फुफ्फुसात पाणी भरून माणूस मरू शकतो हे ऐकून कुणी सियाचीनला जायचं नाकारलेलं मी पाहिलं नाही. उलट त्या ज्ञानाने कितीतरी जण वाचले. उंचीबद्दल जो विश्वास आपण जवानावर टाकतो तो गोळीबद्दल का टाकत नाही?

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि फौजेत बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मलेरियाने गोळीपेक्षा जास्त माणसं निकामी होत होती. मेपाक्रिन नावाची गोळी रोज घ्यायची होती. ती घेतली की कातडी पिवळी पडायची आणि ती पुरुषत्व घालवते अशी अफवा होती. लोक गोळी तोंडात ठेवून नंतर थुंकायचे. १४व्या आर्मीचे सेनापती स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या. पलटणीतल्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांच्या अंगात औषध सापडलं तर कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचं. तीन जणांना पाठवावं लागलं, बाकीच्यांना अर्थ समजला. 'डिफीट इंटू व्हिक्टरी' या आपल्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलं आहे. आपण यातून सक्तीचा धडा घेतो. मला यात दिसणारा धडा वेगळा आहे. स्लिम यांनी शिक्षा जवानाला केली नाही, कमांडिंग ऑफिसरला केली. गोळी पोटात जाणं हा कमांडचा प्रश्न आहे, असं त्यांनी ठरवलं. आणि ज्याच्यावर ही जबाबदारी पडते त्याला अफवेशी लढावंच लागतं, कारण अफवा मोडल्याशिवाय गोळी पोटात जात नाही. तेव्हा पिवळी कातडी होती, आज लाल लघवी आहे.

गोळी अर्धवट सुटली तर काय होतं तेही स्पष्ट सांगायला हवं. रोग परत येतो आणि या वेळी जंतू जुन्या औषधांना ओळखून असतो. मग उपचार लांबतो, औषधं बदलतात आणि दुष्परिणामही जड होतात. बेडाक्विलिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून ईसीजी काढत राहावं लागतं. लिनेझोलिडने रक्त कमी होतं, पायांच्या आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा होते. ही औषधं आता तोंडाने घ्यायची आहेत, कान घालवणारी इंजेक्शनं मागे पडली आहेत, ही मोठी प्रगती. तरीही सहा महिन्यांच्या साध्या गोळ्यांचा त्रास टाळायला जो पळतो तो त्याहून मोठ्या त्रासाकडे पळतो. शिवाय घरातल्या लहान मुलाला तो हाच हट्टी जंतू देऊ शकतो.

आता माजी सैनिक मित्रांसाठी थोडं वेगळं. तुमच्यापैकी कुणाला टीबी झाला तर पन्नाशी-साठीचं शरीर असतं आणि आधीच चार गोळ्या चालू असतात. रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधं झपाट्याने संपवायला लावतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, साखरेच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांचा असर कमी होतो. घरातल्या सुनेला किंवा मुलीला टीबी झाला असेल तर गर्भनिरोधक गोळ्याही पुरेशा काम करत नाहीत, तिने डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय करावा. म्हणून ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा, नावं आठवत बसू नका. पित्तावरच्या काही अँटासिडने आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊ नका. आणि कँटीनची रम. ती सहा महिने कपाटात बंद राहू दे. रम आणि या गोळ्या दोन्ही एकाच यकृतावर वार करतात. 'एका पेगने काय होतं' हे ज्याला वाटतं त्याने निदान डॉक्टरांसमोर खरं बोलावं. रोज किती घेतो ते लपवणारा माणूस आपल्याच डॉक्टरच्या डोळ्यावर पट्टी बांधतो.

मग करायचं काय? माझ्या मागण्या साध्या आहेत, त्यांना वेगळा निधी लागत नाही.

पहिला डोस देण्याआधी रुग्णाला त्याच्या भाषेत दहा मिनिटं सांगावं. तमिळ जवानाला तमिळमध्ये, नेपाळीला नेपाळीत. पलटणीत ती भाषा बोलणारा नर्सिंग असिस्टंट किंवा जेसीओ सापडतोच. सांगताना तीन कप्पे करावेत: काय होणारच आणि घाबरायचं नाही, काय झालं तर पुढच्या भेटीत सांगायचं, काय झालं तर आजच यायचं. सरसकट यादी वाचली की माणूस घाबरतो, कप्पे केले की सावध होतो.

सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी आणि डोळ्यांची तपासणी व्हावी. भरतीच्या वेळी आपण सगळ्यांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचले आहेत. तेच इशिहारा पुस्तक उपचाराच्या सुरुवातीला आणि मधूनमधून पुन्हा दाखवलं तर लुडोच्या पटावर कुणाला शोध लावावा लागणार नाही.

बडीला आणि घरच्या एका माणसाला हे सगळं सांगितलेलं असावं. रजेवर ही दुसरी व्यक्ती म्हणजे बायको किंवा आई. 'गोळ्या गरम पडल्या' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर तीच देणार आहे. गावात आशाताई असतात, टीबी कार्यक्रमाची १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे, हे तिला ठाऊक असावं.

आणि शेवटची मागणी आम्हा अधिकाऱ्यांकडून. गोळीचा त्रास सांगितला म्हणून कुणाची टिंगल होणार नाही, त्याला कामचोर म्हटलं जाणार नाही, हे सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसरने स्वतःच्या तोंडाने सांगावं. कॅटेगरीचे नियम वरून येतात. पण वेळेत सांगणाऱ्याचं नुकसान तात्पुरतं आणि लपवणाऱ्याचं कायमचं, हा हिशेब त्याच्यासमोर मांडणं आपल्या हातात आहे.

पुण्याच्या ज्या इस्पितळाला आपली जुनी माणसं अजून 'सीटीसी' म्हणतात तिथून आणि देशभरातल्या लष्करी दवाखान्यांतून असंख्य जवान टीबीतून बरे होऊन पलटणीत परतले आहेत. औषध चांगलं आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच त्याच्याविषयी सगळं खरं सांगायला आपण कचरू नये. तुमच्या घरात, ओळखीत, कंपनीत कुणी या गोळ्या घेत असेल तर आज त्याला 'गोळी घेतलीस का' एवढंच विचारून थांबू नका. जेवण जातंय का, पायांना मुंग्या येतात का, रंग नीट दिसतात का, झोप लागते का, हेही विचारा. आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघा.